श्याम बेनेगल: भाटकाराच्या घराकडे अंगणातून पाहणारा दिग्दर्शक

सत्तरीकर

श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेले, तेव्हा त्यांना नव्वद वर्षे पूर्ण होऊन नऊच दिवस झाले होते. त्यानंतर छापून आलेल्या बहुतेक लेखांत त्यांना समांतर सिनेमाचे अध्वर्यू म्हटले होते. ते खरेच आहे, पण त्या एका शब्दाने त्यांचे चित्रपट डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. मी गेल्या काही महिन्यांत त्यांचे मिळतील तेवढे चित्रपट क्रमाने पाहिले आणि एक गोष्ट जाणवली, ती येथे गोव्यातील वाचकांपुढे मांडावीशी वाटते. बेनेगलांच्या बहुतेक मोठ्या चित्रपटांच्या मध्यभागी एक घर असते. ते जमीनदाराचे असते, घराण्याचे असते किंवा पैशाच्या जोरावर उभे राहिलेले असते. दिग्दर्शक मात्र त्या घराकडे दिवाणखान्यातून पाहत नाही. ज्याला त्या घराच्या पायरीपर्यंतच येता येते त्याच्या जागेवरून तो पाहतो. आपल्याकडे भाटकार (जमिनीचा मालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे शब्द अजून जिवंत आहेत. मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला, म्हणजे 'अंकुर' पडद्यावर आल्यानंतर लगेचच. त्यामुळे हे चित्रपट आपल्याला थोडे वेगळे दिसायला हवेत, असे माझे मत आहे.

थोडे त्यांच्या घडणीविषयी. बेनेगलांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ रोजी हैदराबादजवळच्या त्रिमुलघेरीत झाला. घर चित्रापूर सारस्वतांचे, म्हणजे कोकणी बोलणारे, आणि वडील व्यवसायाने छायाचित्रकार. वडिलांच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बाराव्या वर्षी पहिला चित्रपट काढला. गुरुदत्त हे त्यांचे नात्याने भाऊ लागत. उस्मानिया विद्यापीठातून अर्थशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच त्यांचा चित्रपट पाहण्याचा नाद वाढला आणि हैदराबाद फिल्म सोसायटीची स्थापना झाली. १९५९ साली ते मुंबईत लिंटास या जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याच्या कामावर लागले. पहिला माहितीपट १९६२ सालचा, तोही गुजराती भाषेतला. पुढची दहा-बारा वर्षे त्यांनी शेकड्यांनी जाहिरातपट आणि माहितीपट केले. तीस सेकंदांत गोष्ट सांगण्याची, ठरलेल्या पैशात आणि ठरलेल्या दिवसांत काम संपवण्याची ही शिस्त त्यांना आयुष्यभर पुरली, असे मला वाटते. समांतर सिनेमातील कित्येक गुणी माणसे दोन-तीन चित्रपटांनंतर पैशाअभावी थांबली. बेनेगल पन्नास वर्षे थांबले नाहीत, आणि याचे श्रेय प्रतिभेइतकेच त्या शिस्तीलाही द्यावे लागेल.

'अंकुर'ची कथा त्यांच्याजवळ विद्यार्थिदशेपासून होती, पण तिला निर्माता मिळायला खूप वर्षे गेली. अखेर जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ब्लेझ या संस्थेने पैसे घातले. शहरात शिकलेला सूर्या वडिलांच्या सांगण्यावरून गावातील जमीन सांभाळायला येतो, घरकाम करणाऱ्या लक्ष्मीच्या हातचा चहा आणि जेवण बिनदिक्कत घेतो, आणि आपण जात मानत नाही याचा त्याला अभिमान वाटतो. तीच लक्ष्मी पुढे त्याच्यापासून गरोदर राहते आणि थोडे तांदूळ चोरताना पकडली जाते, तेव्हा या पुरोगामी तरुणातील जमीनदार बाहेर पडतो. माझी आजी भाटकाराच्या जमिनीवर राहिलेली. तिने हा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला होता आणि चहाच्या प्रसंगालाच ती म्हणाली होती की, हा आता हिचा घात करणार. आम्हा शिकलेल्या नातवंडांना ते कळायला चित्रपटाचा शेवट यावा लागला. शेवटी सूर्या लक्ष्मीच्या मुक्या-बहिऱ्या नवऱ्याला दोरखंडाने झोडपतो आणि एक लहान मुलगा त्या घराच्या खिडकीवर दगड मारतो. शबाना आझमी यांचा हा पहिला प्रदर्शित चित्रपट होता आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सूर्याच्या बायकोची भूमिका प्रिया तेंडुलकर यांनी केली होती, हे आज फार थोड्यांच्या लक्षात आहे.

'निशांत' (१९७५) मध्ये हाच धागा अधिक उग्र झाला. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरांच्या बायकोला उचलून नेतात, मास्तर दारोदार फिरतात, आणि गाव उठते तेव्हा त्या रागात दोषी आणि निर्दोष असा भेद उरत नाही. पटकथा विजय तेंडुलकरांची आहे आणि ते प्रत्येक दृश्यात जाणवते. 'मंडी' (१९८३) मध्ये घर कोठीचे झाले आणि 'कलयुग' (१९८१) मध्ये महाभारताची भाऊबंदकी मुंबईच्या उद्योगपतींच्या बंगल्यात शिरली.

यानंतर येतो आपल्या जवळचा 'त्रिकाल' (१९८५). लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या घरात चित्रित झालेला हा चित्रपट १९६१ सालच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपत असतानाच्या गोव्याचा आहे. एका जमीनदार ख्रिस्ती कुटुंबाचा कर्ता, एर्नेस्तो, मरण पावला आहे आणि त्याची विधवा दोना मारिया तो मृत्यू मानायलाच तयार नाही. ती मोलकरीण मिलाग्रेनिया हिच्या माध्यमातून नवऱ्याला बोलावू पाहते, पण नवऱ्याऐवजी तेथे राणे या बंडखोराचे भूत येते, ज्याच्या अंताला याच घराण्याचा पूर्वज कारणीभूत ठरला होता. कुलभूषण खरबंदा यांनी ती भूमिका केली आहे. पोर्तुगिजांविरुद्ध लढलेल्या राण्यांच्या सत्तरी तालुक्यात वाढलेल्या माणसाला त्या दृश्यात काय वाटते, हे बाहेरच्याला सांगणे कठीण आहे. दिपाजी राणे यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला, कुष्टोबा राणे १८७१ मध्ये मारले गेले, १८९५ मध्ये पुन्हा बंड झाले. या गोष्टी आमच्याकडे घराघरांत सांगितल्या जात. माझी तक्रार अशी की, या चित्रपटात गोव्यातील हिंदू समाज जवळजवळ फक्त भूत म्हणून येतो. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी हा सगळा मुलूख एका मृत माणसाच्या आवाजात उरकला गेला आहे. ज्या दिग्दर्शकाने आयुष्यभर अंगणातून पाहिले, तो गोव्यात आल्यावर मात्र दिवाणखान्यात जाऊन बसला का? या प्रश्नावर जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

सासष्टीचा पाऊस

सत्तरीकर, आपण विषय उत्तम मांडला आहे, पण 'त्रिकाल'वरील आपला आक्षेप मला मान्य करता येत नाही. मी मडगावचा, घरात मराठी-कोकणी दोन्ही, आणि शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. हा चित्रपट गोव्याचा इतिहास सांगत नाही. चोवीस वर्षांनी गावी परतलेल्या रुईज परेरा या माणसाची ती आठवण आहे. त्याला जे आठवते तेच पडद्यावर येते, आणि त्या काळातील लोटलीच्या मोठ्या घरात बसलेल्या लोकांच्या आठवणीत सत्तरीचा शेतकरी नव्हताच. दिग्दर्शकाने तो तेथे कृत्रिमपणे आणून बसवला असता तर ते खोटे झाले असते. त्याने त्याऐवजी अधिक धारदार गोष्ट केली. त्या घराने ज्याला विसरायचे ठरवले होते, त्यालाच त्याने त्यांच्या बैठकीत आणून उभे केले. भूत तेथे येते ते त्या घराने थकवलेले देणे वसूल करायला.

शिवाय अंगणातून पाहणारी व्यक्ती या चित्रपटात आहेच. ती मिलाग्रेनिया आहे. ती मोलकरीण आहे, एर्नेस्तोची न स्वीकारलेली मुलगी आहे, आणि घरातील सगळ्यांची पापे तिच्याच तोंडून बोलतात. नीना गुप्ता यांनी ती भूमिका ज्या संयमाने केली आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. घरात लग्नाची बोलणी, वारसा आणि लिस्बनला जायचे की राहायचे हे वाद चालू असताना कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळतो. रुईज मनातून त्या घरातील नात आना हिच्यावर प्रेम करतो, पण त्याच्या आठवणीतील खरा सल मिलाग्रेनियाचा आहे, असे माझे वाचन आहे.

छायालेखनाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 'अंकुर'पासून 'आरोहण'पर्यंत बेनेगलांचा कॅमेरा गोविंद निहलानी यांच्या हाती होता. 'मंडी' आणि 'त्रिकाल' अशोक मेहता यांनी केले. 'त्रिकाल'मधील रात्री मेणबत्त्यांच्या उजेडातल्या आहेत. वीज येण्यापूर्वीची आमची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या पिवळसर अंधारात भिंतीवरची तसबीर कशी अर्धीच दिसते ते आठवेल. दोना मारिया झालेल्या लीला नायडू यांचा चेहरा त्या उजेडात असा दिसतो की, ही बाई जिवंत माणसांपेक्षा मृतांच्या अधिक जवळ आहे याची वेगळी जाणीव करून द्यावी लागत नाही. या चित्रपटासाठी बेनेगलांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. चित्रपट आला तेव्हा गोव्यात मराठी की कोकणी हा राजभाषेचा वाद पेटला होता. १९८७ साली राजभाषा कायदा आणि घटक राज्य येईपर्यंत मने फार दुखावली गेली होती. माझ्या घरातील मोठ्या माणसांनी 'हा त्यांचा चित्रपट' असे म्हणून तो पाहिलाच नाही. त्या वर्षांत जे पाहायचे राहून गेले, ते आता तरी शांतपणे पाहू या.

ओसरी

मला फक्त एक भर घालायची आहे. आमच्या पिढीला बेनेगल भेटले ते 'भारत एक खोज'मधून. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली, नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली ही त्रेपन्न भागांची मालिका. आरंभी नासदीय सूक्ताचे स्वर येत आणि वसंत देव यांचा हिंदी अनुवाद त्यांना जोडलेला असे. संगीत वनराज भाटिया यांचे. नसीरुद्दीन शाह यांनी केलेले शिवाजी महाराज हे तोपर्यंत आम्ही नाटक-सिनेमात पाहिलेल्या महाराजांपेक्षा फार वेगळे होते. ते हळू बोलत आणि विचार करताना दिसत. आमच्या डिचोलीच्या घरी शेजारपाजारची दहा-बारा माणसे ती मालिका पाहायला जमत.

राजांगण

'भूमिका'चा (१९७७) उल्लेख वरील लेखनात आला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण घर आणि अंगण हा विचार सर्वांत खोलवर त्याच चित्रपटात गेला आहे, आणि फोंडा तालुक्यातील माणसाला तो सर्वांत जास्त लागतो.

हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला आहे. सत्यदेव दुबे, गिरीश कर्नाड आणि स्वतः बेनेगल यांना पटकथेचा, तर स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाची नायिका उषा हिची आजी ही गाणाऱ्या, देवळाशी बांधलेल्या परंपरेतली आहे. नातीला ती गाणे शिकवते, आणि आईला मात्र मुलीने प्रतिष्ठित घरात जावे असे वाटते. आमच्या भागातील देवळांच्या आवारात ज्या कलावंत घराण्यांनी गाणे जपले, त्यांच्यातून केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई पुढे आल्या. त्यांचे गाणे ऐकायला सगळे जमत, पण त्या घरांतील मुलींना लग्न आणि नाव देताना समाज मागे सरत असे. उषाच्या आईच्या डोळ्यांत जी भीती आहे, ती मी लहानपणी माझ्या गावात प्रत्यक्ष पाहिली आहे. सुलभा देशपांडे यांनी ती भूमिका इतकी खरी केली आहे की, तिचा राग आला तरी तिला दोष देता येत नाही.

उषा एका घरातून दुसऱ्या घरात जाते. नवरा केशव दळवी तिला काम करायला लावून तिच्याच कमाईवर जगतो आणि तिच्यावर संशयही घेतो. अमोल पालेकर यांनी साधा-सरळ नायक म्हणून मिळवलेली ओळख या भूमिकेत पणाला लावली. पुढे श्रीमंत जमीनदार विनायक काळे तिला आपल्या वाड्यात आणतो. तेथे तिला प्रथमच कुटुंबातली जागा मिळते, मुलगा लळा लावतो, अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नीही तिला स्वीकारते. आणि ती मुलाला घेऊन जत्रेला निघते तेव्हा कळते की, उंबरठा ओलांडायला तिला परवानगी नाही. जत्रा ही आपल्याकडे बायकांच्या मोकळेपणाची जागा होती. फातर्प्याची किंवा शिरगावची जत्रा चुकली म्हणून वर्षभर हळहळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दिग्दर्शकाने बंदिवास दाखवायला साखळी किंवा कुलूप वापरले नाही, एक चुकलेली जत्रा वापरली. अमरीश पुरी त्या दृश्यात आवाजही चढवत नाहीत.

सत्तरीकर, आपण भाटकाराच्या घराकडे मुंडकाराच्या नजरेने पाहिले. माझे म्हणणे असे की, बेनेगलांच्या चित्रपटांत घराबाहेर उभ्या असलेल्या माणसाइतकीच घरात घेतली गेलेली, पण घराची न झालेली बाई महत्त्वाची आहे. 'अंकुर'मधील लक्ष्मी, 'निशांत'मधील मास्तरीणबाई, उषा, मिलाग्रेनिया, पुढच्या काळातील सरदारी बेगम आणि झुबेदा या सगळ्या त्याच ओळीत बसतात.

कुर्टी नाका

मी अनेक वर्षे गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो, म्हणून 'मंथन'विषयी (१९७६) लिहितो. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत हा चित्रपट झाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. चित्रपट लागल्यावर ती माणसे आपला चित्रपट पाहायला ट्रक भरभरून शहरात आली. वर्गीस कुरियन यांची प्रेरणा आणि तेंडुलकरांची पटकथा अशी ती जोडी होती.

मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते दूध तपासण्याचे काम. खासगी डेअरीवाला मिश्रा फॅट पाहून नव्हे, आपल्या मर्जीने भाव देतो आणि कोणाला काही विचारता येत नाही. बाहेरून आलेले पशुवैद्य डॉ. राव तपासणी आणतात आणि प्रत्येकाच्या दुधाला त्याच्या गुणाप्रमाणे भाव मिळू लागतो. ज्याने कधी सकाळी सहा वाजता कॅन घेऊन रांगेत उभे राहून आपल्या नमुन्याचा आकडा ऐकला आहे, त्याला या गोष्टीचे महत्त्व कळेल. आकडा सर्वांसमोर सांगितला जातो, सरपंचाचाही आणि दलित वस्तीतील माणसाचाही. सरपंचाला बोचते ते हेच, आणि सोसायटीच्या निवडणुकीत वस्तीचा माणूस निवडून आल्यावर तो उलटतो. आमच्याकडे सोसायटी सुरू झाली तेव्हा एका मोठ्या घरातील गृहस्थांनी रांगेत उभे राहायला नकार दिला होता. त्यांचा गडी येई आणि त्याला पुढे सोडावे, असा आग्रह असे. तो आग्रह मोडायला आम्हाला दोन वर्षे लागली.

शेवटी डॉ. राव निघून जातात आणि वस्तीतील तरुण भोला काम पुढे चालवतो. बाहेरून आलेला शिकलेला माणूस गावाचे भले करतो आणि गाव त्याचे उपकार मानते, असा शेवट सहज करता आला असता. तसा केला नाही म्हणून हा चित्रपट अजून टिकला आहे. २०२४ मध्ये नव्याने जतन केलेली त्याची प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

पेडणेकर

सर्वांचे लेखन आवडले. कौतुकात एक कमतरता नोंदवतो. १९७८ सालचा 'कोंडुरा' हा चि. त्र्यं. खानोलकर यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. खानोलकर वेंगुर्ल्याच्या बाजूचे, म्हणजे आमच्या पेडण्याला तेरेखोलची खाडी ओलांडली की लागणाऱ्या मुलखाचे. त्या कादंबरीत समुद्र, कातळ, पाऊस आणि दैवताची भीती हे सगळे एकमेकांत असे मिसळले आहे की, नायक परशुराम याला झालेला दृष्टान्त खरा की भ्रम, हा प्रश्नच तेथील माणसाला पडत नाही. बेनेगलांनी कथा आंध्रात नेली आणि हिंदीबरोबर तेलुगूतही 'अनुग्रहम्' या नावाने चित्रपट केला. अनंत नाग, वाणीश्री, स्मिता पाटील सगळ्यांचे काम चांगले आहे, पण तो चित्रपट भ्रमाची चिकित्सा करत राहतो. अन्यायाचा हिशोब मांडणारी बेनेगलांची स्वच्छ बुद्धी येथे अडचण झाली, असे मला वाटते. खानोलकरांच्या मुलखात हिशोब लागत नसतो.

सत्तरीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सासष्टीचा पाऊस यांचे मिलाग्रेनियाविषयीचे म्हणणे वाचून मी काल 'त्रिकाल' पुन्हा पाहिला आणि माझ्या आक्षेपातील अर्धा भाग मागे घेतो. ज्या अंगणातून पाहणारा दिग्दर्शक मी शोधत होतो, तो त्या मोलकरणीपाशी उभा होता आणि मला राण्यांच्या नावामुळे तो दिसला नाही. उरलेला अर्धा आक्षेप मात्र तसाच आहे. १९६१ चा डिसेंबर सत्तरीतील कुळाच्या घरातून कसा दिसला, हे सांगणारा या तोडीचा चित्रपट अजून झालेला नाही, आणि ते काम बेनेगलांचे नव्हते, आपले होते, हेही मला मान्य आहे.

राजांगण यांनी जोडलेली बायकांची ओळ पटली. तिच्या आधारे त्यांच्या उत्तरकाळाकडे पाहिले तर एक भेद स्पष्ट होतो. 'मम्मो', 'सरदारी बेगम' आणि 'झुबेदा' या खालिद मोहम्मद यांनी लिहिलेल्या तीन चित्रपटांत, तसेच 'सूरज का सातवां घोडा'मध्ये जुने बेनेगल पूर्ण ताकदीने दिसतात. याउलट नेताजींवरचा २००५ सालचा आणि भारत-बांगलादेश सरकारांच्या सहकार्याने झालेला २०२३ सालचा 'मुजीब' हे चरित्रपट मला कोरडे वाटले. तेथे नायकच इतिहासाच्या मध्यभागी उभा आहे आणि त्याच्याकडे पायरीवरून पाहणारे कोणी नाही.

पेडणेकर, आपल्या 'कोंडुरा'विषयीच्या मताशी मी सहमत आहे. तरी अमरीश पुरी यांचा कोंडुरास्वामी एकदा पुन्हा पाहावा, असे सुचवतो. त्या एका भूमिकेत मला खानोलकरांचा समुद्र थोडा तरी ऐकू आला.